आत ठेवलेलं कापड

माझ्या धाकट्या भावाला घरात सगळे भिंगरी म्हणायचे. पायाला भिंगरी लावूनच जन्माला आला होता गाढव. लहानपणी शाळेतून घरी येईपर्यंत सगळ्या गल्ल्या पालथ्या घालायचा. मोठा झाल्यावर गल्ल्यांच्या जागी मुलूख आले, एवढाच फरक. आई लवकर गेली, त्यामुळे त्याला जेवू घालायचं आणि धपाटे घालायचं, दोन्ही कामं माझ्याकडे होती.

गेल्या उन्हाळ्यात तो एकटाच जंगलात गेला आणि हिवाळ्यात तिथल्या एका ओसाड झोपडीत मेलेला सापडला. उपासमारीने नुसता हाडांचा सापळा उरला होता, असं वनरक्षक म्हणाला. टेकडीपलीकडे रस्ता होता, त्यावरून लाकडाचे ट्रक जायचे. मग भिंगरी तिकडे का गेला नाही? पाय मुरगळला होता? तापाने फणफणला होता? की रस्ता आहे हेच त्याला माहीत नव्हतं? मी प्रश्न विचारून विचारून वनरक्षकाचं डोकं खाल्लं. शेवटी तो म्हणाला, "ताई, कुणाला ठाऊक? कदाचित त्याला परत यायचंच नसेल."

बाबांनी तेवढंच वाक्य उचललं. बाबा शिंपी. घराच्या पुढच्या खोलीत आमचं दुकान, एक मशीन त्यांचं, एक माझं. "त्याला यायचंच नव्हतं," ते गिऱ्हाइकांनाही सांगायचे. "आम्ही नकोसे झालो होतो. मग मी कशाला रडू?" आणि खरंच रडले नाहीत. मशीन मात्र असं दामटायचे की सुया मोडायच्या. मला त्यांचा संताप यायचा. मेलेल्या पोरावर कसला रुसवा धरायचा?

वनरक्षकाने दिलेली पिशवी त्यांनी माळ्यावर टाकली होती आणि मला हात लावू देत नव्हते. एका दुपारी ते बटणं आणायला बाजारात गेले आणि मी ती खाली काढली. वाकडा चमचा, काळं पडलेलं पातेलं आणि तपकिरी पँट. ती मीच शिवून दिली होती.

कंबर हातात धरून मी ती उलटी केली. ती हाताने शिवून आत घेतली होती, एकदा नव्हे, तीनदा. पट्टा लावायचा त्याला जन्मजात कंटाळा. पहिली शिवण बऱ्यापैकी सरळ होती. दुसरी त्याहून आत. तिसरी इतकी आत की कंबर शाळकरी पोराची वाटावी. तोवर दोरा संपला असणार, कारण पायाच्या दुमडीचा दोरा उसवून त्याने ही शिवण घातली होती. टाके लांब आणि वेडेवाकडे होते.

पण जादा कापड त्याने छाटलं नव्हतं.

हा आमच्या दुकानाचा नियम. कंबर कितीही आत घ्या, उरलेलं कापड कापायचं नाही, आत दाबून ठेवायचं. "बारीक झालेला माणूस कधीतरी अंग धरतोच," बाबा म्हणायचे, "तेव्हा उसवून द्यायला कापड नको?" भिंगरी दुकानात बसायचं म्हटलं की पळ काढायचा, पण हे त्याच्या अंगात भिनलं होतं. ती जाड घडी त्याच्या उघड्या हाडांना टोचत असणार. तरी त्याने ती ठेवली. म्हणजे त्याला पुन्हा भरायचं होतं. जगायचं होतं माझ्या बाळाला.

बाबा आले तेव्हा मी त्यांना चपलाही काढू दिल्या नाहीत. "बघा! कापड ठेवलंय त्याने. त्याला यायचं होतं, बाबा. आपण नकोसे नव्हतो त्याला." मला वाटलं, त्यांच्या छातीवरचा धोंडा उतरेल.

त्यांनी कंबर उलटी केली. एकेका शिवणीवरून अंगठा फिरवला. तिसरीपाशी अंगठा थांबला आणि ते होते तिथेच जमिनीवर बसले.

"हे का दाखवलंस गं मला?"

"अहो बाबा, पण..."

"गेला तर आपल्या मर्जीने गेला, असं म्हणत होतो. म्हणून घशाखाली घास उतरत होता." त्यांनी पँट छातीशी घट्ट धरली आणि पहिल्यांदाच हमसून रडायला लागले. "पोरगं वाट बघत होतं गं. कुणीतरी येईल म्हणून वाट बघत होतं. आणि मी इथे बसून लोकांच्या पँटी शिवत होतो."