बाईंचा चुकायचा अभ्यास

बाई शाळेत इतिहास शिकवायच्या, पण त्यांचा खरा जीव प्रश्नमंजूषेत. शाळेच्या कपाटातल्या निम्म्या ढाली त्यांच्या पोरांनी आणलेल्या. घरचं पोर तरी यातून कसं सुटणार? त्याला घास भरवताना राजधान्या आणि आंघोळ घालताना ग्रह. नवरा होता तेव्हा म्हणायचा, "अगं, त्याच्या अंगावर आधी पाणी तरी ओत."

आता ते पोर परदेशात पूल बांधत होतं. रविवारी सकाळी फोन यायचा. तब्येत बरी आहे ना, बरी आहे. जेवतेस ना वेळेवर, जेवते. एवढं झालं की दोघंही अडायची. दोघांचं एकमेकांवर प्रेम होतं, पण गप्पांच्या नावानं दोघांचाही शंख.

मग एकदा त्यानं विचारलं, "आई, शंभर वर्षांचं युद्ध किती वर्षं चाललं?" तो तिकडे ऑफिसातल्या मित्रांबरोबर प्रश्नमंजूषा खेळायला जायला लागला होता.

"एकशे सोळा," बाई म्हणाल्या. विचार करायचा प्रश्नच नव्हता.

"बरोबर. चल, ठेवतो."

पुढच्या रविवारी गॅसवर दूध होतं. सुनीतात, म्हणजे सॉनेटात, ओळी किती, असं त्यानं विचारलं आणि दुधाकडे बघता बघता बाईंच्या तोंडून निघून गेलं, "बारा." झालं, मुलगा खुलला. चौदा कशा, आधी आठ आणि मग सहा कशा, हे त्यानं आईलाच समजावून सांगितलं. मग त्याच्या टीममधला एकजण हेच कसं चुकला, त्या बिचाऱ्याचं लग्न कसं मोडायला आलंय, आपला गुडघा थंडीत कसा धरतो, घरमालकीण किती खडूस आहे, सगळं निघालं. दूध उतू गेलं. बाईंनी ओटा पुसला तोही गुणगुणत.

त्या दिवसापासून कधी न हरणाऱ्या बाई नेमानं हरायला लागल्या. आणि हे काम दिसतं तितकं सोपं नाही. उत्तर चुकीचं हवं, पण पटण्यासारखं हवं. बाई शनिवारीच चार-दोन चुका मनाशी घोळवून ठेवायच्या. शंभर वर्षांचं युद्ध त्यानं विसरून पुन्हा विचारलं, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "शंभर. नावातच आहे की." त्या रविवारी तर इतक्या गप्पा झाल्या की फोन तापला.

पण लबाडी अंगाशी आलीच. एका रविवारी त्यानं विचारलं, "कोणत्या ग्रहाचा दिवस त्याच्या वर्षाहून मोठा असतो?" बाई म्हणाल्या, "गुरू." आता तो समजावेल म्हणून त्या खुर्चीत ऐसपैस बसल्या.

"आई," तो म्हणाला, "हे तूच शिकवलं होतंस मला." आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "काळजी घे गं."

दोन-तीन दिवसांनी शेजारची नर्स उगीचच डोकावली. इकडचं तिकडचं बोलून म्हणाली, "काकू, आज वार कोणता?"

"तुझ्या सुट्टीचा. एरवी तू कुठली दिसायला?"

नर्सला हसू आवरेना. मग तिनं सगळं ओकून टाकलं. मुलाचा फोन आला होता, आई गॅस चालू ठेवते का, रस्ता चुकते का विचारत होता. "रविवारी तो तुमची परीक्षा घेणारे. उत्तरं नीट आली नाहीत तर महिनाभर इथं येऊन राहणारे. रजेचा अर्जसुद्धा दिलाय त्यानं. मी सांगितलं म्हणू नका हं."

महिनाभर. नर्स गेल्यावर बाईंनी त्याच्या खोलीतली गादी गच्चीत उन्हात टाकली. नंतर आपलीच लाज वाटून ती परत आणली. काय करायचं होतं असं? फक्त चुकायचं, आणि त्यात तर आता हात बसला होता. चार उत्तरं हुकली की पोर समोर बसून जेवणार. त्यांना तो फार हवा होता. पण तो येणार तो भेदरून, आणि महिनाभर आईकडे तसाच बघत राहणार, हेही त्यांना दिसत होतं. मनाचं काही ठरेना.

रविवारी त्यानं थट्टा न करता सुरुवात केली. "आई, सिनेमात एका सेकंदाला किती चित्रं सरकतात?"

बाईंच्या जिभेवर 'सोळा' तयार होतं. पण त्याचा आवाज कापत होता.

"चोवीस," त्या म्हणाल्या.

"ऑक्टोपसला हृदयं?"

"तीन. सुनीतात ओळी चौदा, ते युद्ध एकशे सोळा वर्षांचं, आणि तो ग्रह शुक्र. अजून विचार."

तिकडे मोठा सुस्कारा ऐकू आला. "घाबरवलंस गं. मग चुकत का होतीस?"

"बरोबर आलं की तू फोन ठेवतोस."

तो हसला, मग हसता हसता थांबला. "वेडी आहेस," तो म्हणाला. "बरं, तुझ्याकडे यायला रजेचा अर्ज दिला होता, तो मग मागे घेतो. इथं कामाचा नुसता डोंगर झालाय. सुटलो बघ."

'हो, घे की,' हे बाईंच्या ओठावर आलं होतं. आजवर त्यानं येणं पुढे ढकललं की दर वेळी त्या हेच म्हणाल्या होत्या.

"नको घेऊस मागे."

"का? काही होतंय का तुला?"

"काही होत नाही. डोकं शाबूत आहे, पाय धड आहेत. मला तुझी आठवण येते. मी धडधाकट आहे तोवर ये."

"रजा तुझ्या आजारपणाच्या नावावर मागितलीय, आई. नुसतं असंच कसं..." तो अडखळला. "बघतो."

"बघतो हे उत्तर मी शाळेत कुणाचं धरलं नाही," बाई म्हणाल्या. "तुझंही धरणार नाही."

प्रश्नमंजूषेत कुणी अडलं की बाई तत्परतेनं प्रश्न पुढच्या टीमकडे द्यायच्या. आज पुढे कुणी नव्हतं. त्यांनी फोन या कानावरून त्या कानावर घेतला आणि थांबल्या. त्यानंही फोन ठेवला नव्हता.