बाभळीवरचा तंबू

वाळवंटातल्या होग्गारच्या सरकारी उद्यानाच्या फाटकाशी रखवालदार खमादीने मामाचा उंट अडवला. "मामा, आत जायला चिठ्ठी लागते आता."

"ज्या दरीत माझे दुधाचे दात पडले, तिथं चिठ्ठी?" अमूद खाली उतरला. "तुझी आई इथंच शेळ्यांमागं नाक पुसत फिरायची. तिला कोणी दिली होती?"

खमादी ओशाळून हसला आणि त्याने चहाची किटली निखाऱ्यावर ठेवली. सख्खा भाचा, आणि लवकरच जावई. अमूदने तोंडावरचं फडकं खाली ओढलं. आपल्या माणसासमोर कसला पडदा!

तो आला होता बायकोचा तंबू न्यायला. तिला दवाखान्यात हलवलं, तेव्हा कातड्याचा तंबू लाकडी खांबासकट गुंडाळून त्याने दरीतल्या बाभळीवर बांधून ठेवला होता. झाडावर ठेवलेल्या सामानाला इथं कोणी हात लावत नाही, वर्षं लोटली तरी. बायको परतली नाही. आता तंबू लेकीला, रैशाला द्यायचा. तंबू बाईचा असतो. भांडण झालं तर बाहेर पडायचं ते नवऱ्याने.

"खिंडीतून बाभूळ ओकीबोकी दिसली रे."

खमादीने पेल्यात चहा ओतला, पुन्हा किटलीत ओतला. "हिवाळ्यात साहेब येणार होते, मामा. झाडांवर लोंबणारा कचरा काढा म्हणाले. जाळला."

"कचरा?"

"सगळ्यांचाच जाळला. नोकरी गेली असती माझी. आणि तंबू हवाय कुणाला? शहरात, तमनरासतला सिमेंटची खोली घेतलीये मी."

"मग रैशा चिडली, की तुला कुठून हाकलणार?"

खमादी हसला. मामा हसला नाही. तो फाटकाजवळच्या पाटीकडे बघत होता. पाटीचा खांब नक्षीचा होता. त्या नक्षीला बायको लोणी चोळायची.

"काय लिहिलंय रे पाटीवर?"

खमादी खाली बघत म्हणाला, "इथल्या कशालाही हात लावू नये."

अमूद उठला. खांबावरून त्याने तळवा फिरवला, मग मुठीत धरून हलवून पाहिला.

"मामा, उपटू नका. सरकारी आहे तो."

रिवाजाचा तिसरा पेला, शेवटचा आणि सगळ्यात गोड, खमादीने पुढे केला. अमूदने तो घेतला नाही. फडकं नाकावर ओढलं, परक्यासमोर ओढतात तसं.

"आणि लग्न?"

"रैशाला विचारतो," म्हणून तो उंटावर चढला. ती काय म्हणणार हे त्याला ठाऊक होतं. ती एवढंच विचारणार होती, की बाबा, त्या खोलीत नळ आहे का?