गुरं माग पुसत नाहीत

निवृत्त माणसाजवळ टीव्ही बघायला वेळच वेळ असतो असं लोक समजतात. वेळ असतो हो, टीव्ही नसतो. सकाळी त्याच्यापुढं नातवंडं, दुपारी सून, आणि दिवेलागणीपासून मालिकांमधल्या त्या बाया, ज्या शालू नेसून झोपतात आणि शालू नेसूनच एकमेकींच्या दुधात विष कालवतात. म्हणून वैजापूरच्या शाळेतून सुटलो त्याच महिन्यात मी पुढच्या खोलीत माझा वेगळा टीव्ही लावून घेतला आणि रिमोट सदऱ्याच्या खिशात ठेवू लागलो. "शिट्टी गेली, आता हे आलं का?" आमच्या मनकर्णाबाई म्हणाल्या. मी आयुष्यभर पीटीचा मास्तर, शिट्टी गळ्यात घालूनच जेवायला बसायचो.

पीटीबरोबर इतिहासही माझ्याच गळ्यात मारला होता. दोन्ही विषयांना डोकं लागत नाही असं आमच्या हेडमास्तरांचं मत. मी मात्र दोन्ही मन लावून शिकवले. पोरांना सांगायचो, कबड्डीत बोट लागलं की पंचाच्या तोंडाकडं बघायचं नाही, आपण होऊन बाहेर जायचं. आणि इतिहासात ज्यानं जे केलं ते त्याच्याच नावावर ठेवायचं. म्हणून टीव्हीवरचा इतिहास मला बघवत नाही. तिथं मावळ्यांच्या दंडावर जिममधले गोळे आणि घोडा दर वेळी तोच. बातम्यांचं तर नावच नको. नऊ चौकटींत नऊ माणसं एकदम बोंबलतात, पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्या शहरातल्या गुलमंडीच्या बाजारातसुद्धा एवढा कालवा नसतो. भरवसा होता तो फक्त सामन्यांवर. चेंडू दोरीला लागला की लागला, तिथं कोणाच्या बापजाद्यांची पुण्याई चालत नाही.

सामने मी आणि बद्रीनाथ मिळून बघायचो. त्याच्या घरच्या टीव्हीवर त्याच्या सुनेचा कब्जा होता. आमचं दोघांचं गाव एकच, देवगाव रंगारीच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला. तो पाटलाच्या घरचा, मी धनगराचा. खतासाठी त्यांच्या रानात आमची मेंढरं बसायची आणि आम्ही दोघं बांधाला हुतुतू खेळायचो. पुढं तो एसटीत लागला आणि बसस्थानकावर माइकवरून गाड्या पुकारू लागला. आवाज असा खणखणीत, की चुकीच्या फलाटाचं नाव घेतलं तरी लोक पिशव्या उचलून पळायचे. नोकरी संपली, माइक सुटला, पण बोलताना तोंडापुढं मूठ धरायची खोड काही सुटली नाही.

त्या वर्षी सतरा सप्टेंबरला निजामाविरुद्धच्या मुक्तिसंग्रामाची पंच्याहत्तरी पुरी झाली. रविवार होता आणि नेमका त्याच दिवशी लंकेविरुद्ध आशिया चषकाचा अंतिम सामना. बद्रीनाथचा सकाळीच फोन आला, "कडूबा, अंगात कणकण हाय, तू बघ." मला नवल वाटलं. हा माणूस एकशे दोन तापात चादर गुंडाळून सामना बघायला आलेला आहे. पण म्हटलं, असेल, वय झालंय. तिकडं लंकेचा डाव पन्नाशीतच आटोपला. मनकर्णाबाईंचा भज्यांचा घाणा निघतोय न निघतोय तोवर आपण जिंकलोसुद्धा. अख्खी संध्याकाळ मोकळी पडली. म्हणून मी उगाच चॅनल फिरवायला लागलो, आणि एका चॅनलवर बद्रीनाथ दिसला. डोक्याला कोरा फेटा, मागं आमच्या गावचा ओढा.

मुक्तिसंग्रामाच्या वारसांवर कार्यक्रम होता. एका पोरीनं त्याच्यापुढं माइक धरलेला, तरी याची मूठ तोंडापुढं. "माझे वडील आप्पासाहेब," तो सांगत होता, "साधा माणूस. निजामाचा करोडगिरी नाका, म्हणजे जकातनाका, जाळून चार क्रांतिकारक आमच्या ओढ्यानं डोंगराकडं गेले. डोंगरापलीकडं खानदेश, निजामाच्या हद्दीबाहेर, तिकडं पोचले की सुटले. पण चिखलात पावलांचे माग उमटले होते आणि मागून रझाकार यायचे होते. माझ्या वडिलांनी दावणीची सगळी गुरं सोडली आणि त्या मागावरून थेट डोंगरापर्यंत हाकत नेली. माग पुसला गेला, चौघांचे प्राण वाचले."

खरं सांगतो, मला आधी राग आला तो गुरांचा. अरे, गुरं माग पुसत नाहीत! गुरं सुटी सुटी चालतात, खूर खोल रुततो आणि दोन खुरांच्या मधे माणसाचं पाऊल जसंच्या तसं राहतं. मेंढरं एकमेकांच्या कुशीत डोकं खुपसून चालतात. शंभरभर मेंढरं एकदा गेली की वाट सारवल्यासारखी सपाट होते. आणि त्या दिवशी गेली ती मेंढरंच होती, कारण ती आमची होती. मग माझ्या ध्यानात आलं की याने नुसती मेंढरांची गुरं केली नाहीत, याने माझ्या बापाच्या जागी आपला बाप बसवला.

मनकर्णाबाई भज्यांची ताटली घेऊन दारातच थांबल्या. "अहो, हे तर आपल्या मामंजींचं."

माझे वडील सोनाजी. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. दादांकडं जमीन नव्हती, शाळा नव्हती, ताम्रपट तर नव्हताच. ही एक गोष्ट होती. लग्नकार्यात, चावडीवर, झेंड्याच्या दिवशी कोणीतरी म्हणायचं, "सोनाजी, सांग रे ती मेंढरांची," आणि दादा काठीवर हनुवटी टेकून सांगायला लागायचे. त्या वेळी पाटलाच्या ओसरीवरसुद्धा त्यांना बसायला घोंगडी मिळायची. मी ती गोष्ट पुढं वर्गात सांगितली, आणि बद्रीनाथला तर चहाच्या प्रत्येक कपाबरोबर सांगितली. चोराला घरातली दिशा मीच दाखवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सिडकोत त्याच्या घरी गेलो. तो फोनवर अभिनंदनं घेत होता. मला बघून त्याने फोन ठेवला आणि सुनेला आतून दार लावून घ्यायला सांगितलं.

"बद्रीनाथ, हे काय केलंस?"

"बस तर खरं."

"बसायला नाही आलो."

तो खिडकीकडं बघत म्हणाला, "त्या पोरीनं विचारलं, तुमच्या वडिलांनी त्या काळात काय केलं? आता काय सांगू मी? माझ्या बापानं निजामाचा सारा गोळा केला अन् रझाकारांच्या घोड्यांला वैरण दिली, असं सांगू? नातू बघत व्हता माझा. तोंडाला येईना दुसरं. तुझीच गोष्ट आली."

"आणि कणकण? ती आदल्या दिवशीच ठरली होती का?"

कार्यक्रम चार दिवस आधी चित्रित झाला होता, हे मला नंतर कळलं. त्या चार दिवसांत हा दोनदा माझ्याकडं चहा पिऊन गेला होता. "तुझा बाप गावाला माहीतच हाय की," तो म्हणाला, "त्यात माझं थोडं झालं तर काय बिघडलं?" साठ वर्षांची दोस्ती, आणि त्याला खरंच वाटत होतं की काही बिघडलं नाही. मी चपला घातल्या आणि निघालो. पायऱ्या उतरताना डोळ्यांत पाणी आलं, ते मी कोणाला दिसू दिलं नाही.

बिघडायचं ते पुढं होतं. गावातल्या गणेश मंडळाच्या पोरांनी ठरवलं की येत्या रविवारी ओढ्याजवळच्या चौकाला आप्पासाहेबांचं नाव द्यायचं. मी फोन करून मंडळाच्या अध्यक्षाला झापलं. हा माझाच विद्यार्थी. तो म्हणाला, "सर, तुम्ही म्हणता ते असंल. पर टीव्हीवर आलंय ना आता. तुमच्याकडं साक्षीला कोणी हाय का? असंल तर आणा चौकात, आम्ही समद्यांसमोर सोनाजीबाबांचं नाव लावतो." बापाचं नाव वाचवायला साक्षीदार लागतो, अशीही वेळ आली.

साक्षीदार होता. दादांची धाकटी बहीण, बानाबाई आत्या. नव्वदीला टेकलेली, पण डोकं साफ. दुसऱ्या दिवशी मी कन्नडची एसटी पकडली, देवगावला उतरून रिक्षा केली आणि दुपारी तिच्या वस्तीवर पोचलो. आत्या लिंबाखाली शेळ्यांना पाला टाकत होती. मी तिच्या उजव्या हाताला बसलो. तिचा डावा कान लहानपणीच गोवरात गेला, असं आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं.

"आत्या, बद्रीनाथनं दादांची गोष्ट चोरली."

"दावलं मला नातसुनेनं मोबाईलवर." ती हसली. "गुरं म्हणला येडं."

मला इतकं बरं वाटलं. जगात एक तरी माणूस होतं, ज्याला पहिल्यांदा तेच खटकलं. "तेच ना. आता तू रविवारी चौकात ये. मी गाडी करतो. समद्यांसमोर एवढंच सांग, की मेंढरं होती आणि दादांनी हाकली."

आत्याने पाल्याची डहाळी खाली ठेवली. "मेंढरं व्हती," ती म्हणाली. "तुझ्या बापानं नाय हाकली."

मला वाटलं, वय झालंय, घोटाळा होतोय. "मग कोणी हाकली?"

"तुझा बाप पेवात व्हता. नाका जळला तसे गावातले समदे बापे लपले. रझाकार तरणी पोरं उचलून न्यायचे. आईनं त्याला धान्याच्या पेवात उतरवला अन् वर फरशी ओढली. ती चार पोरं ओढ्यानं जाताना म्या बघितली. एकाच्या पायाला रगत व्हतं. म्हणलं, ह्यांचा माग दिसल. वाड्यात मेंढरं बोंबलतच व्हती. दिली सोडून अन् गेले मागं."

"तू? केवढी होतीस तू?"

"न्हाण यायचं व्हतं अजून." ती शेळीच्या पाठीवरून हात फिरवत बोलत होती. "घाटाखाली घोडेवाले भेटले. इचारलं, कोण गेलं हिकडून? म्हणलं, माझं कोकरू हारवलंय. एकानं खाली उतरून अशी हाणली, का म्या चिखलातच. तवापासून ह्या कानात काय नाय."

"गोवर..."

"गोवर आईनं काढला. माझी सोयरीक व्हायची व्हती ना. पोरगी एकली डोंगराखाली, परक्या बाप्यानं अंगाला हात लावला, असं कळल्यावर कोण करतंय? आई म्हणली, सोनाजीनं हाकली म्हणा. म्या म्हणलं, बरं. माझं लगीन झालं, पोरं झाली, धनी बी गेला. म्हणलं, आता भाऊ सांगंल खरं. तो सांगायचा, म्या म्होरंच बसलेली असायची. माझ्याकडं तेवढं बघायचा नाय." खालची डहाळी पुन्हा उचलत ती म्हणाली, "आधी माझ्या अब्रूसाठी व्हतं. मंग त्याला गोड लागलं."

बद्रीनाथशी भांडता आलं होतं, चपला घालून निघता आलं होतं. दादांशी कसं भांडणार? काठीवर हनुवटी टेकलेला तो माणूस मला दिसत होता, आणि आता असंही दिसत होतं की त्याची नजर घोळक्यातल्या एका बाईला टाळून फिरते आहे. माझ्या बापाने मला आयुष्यभर फसवलं होतं. मी ते खोटं खडू हातात घेऊन पोरांना शिकवलं होतं, आणि वर त्यांना सांगितलं होतं की ज्याचं त्याच्या नावावर ठेवा. बद्रीनाथने चोरलं ते चोरीचंच होतं.

"त्यो बद्रीनाथ सांगत व्हता तवा मला काय वाटलं नाय बघ," आत्या म्हणाली. "तो परका. तुझा बाप सांगायचा तवा लई लागायचं." मग तिने माझ्याकडं नीट पाहिलं. "मंग येऊ म्हणतोस ना रविवारी? कोणाचं नाव सांगू?"

'तुझं' म्हणायचं होतं. एका शब्दाचं काम. पण माझ्या डोळ्यांपुढं चौक आला, मंडळाची पोरं आली, फेटा बांधलेला बद्रीनाथ आला, आणि त्यांच्यासमोर पेवात बसलेल्या माणसाचा मुलगा म्हणून उभा असलेला मी. लोक हसतील. म्हणतील, मास्तर बापाचं नाव वाचवायला आला आणि घालवून गेला. त्यात नव्वदीच्या म्हातारीवर विश्वास कोण ठेवणार, असंही मी मनाशी म्हणून घेतलं. खरं तर तिच्यावर सगळ्यांनी विश्वास ठेवला असता, आणि भीती मला त्याचीच होती.

आत्याला माझं तोंड वाचायला काही वेळ लागला नाही. पाऊण शतक तिने तेच काम केलं होतं.

"बरं, सोनाजीचंच सांगते," ती म्हणाली. "बापच हाय तुझा." आणि गुडघ्यावर हात देऊन उठली.

"नाही आत्या," मी म्हणालो, "तुझं सांग." पण ती शेळ्यांकडं वळली होती आणि माझ्या बाजूला तिचा डावा कान होता. तिला ऐकू गेलं नाही, हे मला कळलं. मी उठून पलीकडच्या बाजूला गेलो नाही.