माझ्या पोटाखाली गेलेला हात

मित्रांनो, माझं वय बारा वर्षं. गवत कापणाऱ्या गाडीच्या मानाने हे म्हातारपणच म्हणायचं. मी एका शाळेच्या मैदानावर राहते. माझ्यावर बसून, स्टिअरिंग धरून मला चालवतात आणि माझ्या पोटाखाली तीन पाती गरगर फिरतात. त्या पात्यांना फिरवतो एक लांब रबरी पट्टा. कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही, ताज्या रंगाचा वास आणि कानठळ्या बसवणारा आवाज, एवढंच. इथे आले तेव्हा मुख्याध्यापिकाबाईंनी माझ्यावर हात ठेवून फोटो काढून घेतला होता. त्यानंतर माझा फोटो काढावा असं कोणाला वाटलं नाही.

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. एवढी धारदार पाती असलेली गाडी घाबरते म्हटल्यावर तुम्ही हसाल. हसा खुशाल. मला भीती वाटते ती माणसांच्या बोटांची. म्हणून तर मला बनवणाऱ्यांनी सीटखाली एक छोटा स्विच बसवला. पाती फिरत असताना चालवणारा उठला, की मी आपोआप बंद! त्या स्विचच्या जिवावर मी अकरा वर्षं निर्धास्त काढली.

मला चालवतात माळीकाका. माणूस सोन्यासारखा. काम संपलं की चिकटलेलं गवत खरवडून मला पुसून ठेवणार. पण चूक कबूल करायची वेळ आली की त्यांच्या तोंडाला कुलूप. गेल्या वर्षी उंच गवतात जमिनीतल्या पाण्याच्या टाकीचं लोखंडी झाकण त्यांना दिसलं नाही आणि मी धाडकन आदळले. पट्टा ताणून धरणाऱ्या पुलीचा दांडा वाकला. काकांनी इकडेतिकडे पाहिलं. कोणीच नव्हतं. मग ते शीळ घालत पुढे निघाले.

त्या दिवसापासून माझा पट्टा निसटू लागला. काकांनी नवा आणला, तोही निसटला. “हल्लीचे पट्टेच बोगस,” असं म्हणून त्यांनी तिसरा आणला. मेकॅनिकला बोलवावं, तर तो विचारणार, दांडा वाकला कसा? म्हणून त्याचं नावच नको. मला सगळं ठाऊक होतं, पण माझ्या घरघरीतून कोणाला काय कळणार?

दर दहा मिनिटांनी पट्टा चढवायला काका उतरायचे, मी बंद पडायची, पुन्हा सगळं पहिल्यापासून. शेवटी ते वैतागले. एके सकाळी त्यांनी सीट उचलली आणि तो स्विच तारेने आवळून दाबून टाकला.

“आता बघू कशी बंद पडतेस ते!”

माझ्या अंगाचं पाणी पाणी झालं. कारण पुढे काका काय करू लागले माहीत आहे? सायकलची चेन पायडल फिरवून चढवतात ना, तसा ते फिरत्या पुलीवरच पट्टा चढवू लागले. इंजिन चालू, आणि त्यांची बोटं माझ्या पोटाखाली! पट्टा झटक्यात जागेवर बसायचा आणि काका तितक्याच झटक्यात हात काढून घ्यायचे. आठवडाभर मी प्रत्येक वेळी मनात ओरडत होते, “काका, नको! काका, नको!” मला थांबायचं होतं, पण थांबणं आता माझ्या हातात राहिलं नव्हतं.

मग ती दुपार आली. काकू, म्हणजे काकांच्या पत्नी, खेळाडूंचे शिवलेले सदरे द्यायला शाळेत आल्या होत्या. इकडे पट्ट्याने काकांच्या हातमोज्याचं टोक पकडलं. हात आत ओढला जाऊ लागला. काका ओरडले. काकू हातातलं गाठोडं टाकून धावल्या आणि त्यांनी माझी चावी फिरवली. मी थांबले. मोज्याच्या चिंध्या झाल्या होत्या. आत पाच बोटं होती, एकाचं नख काळंनिळं.

“अगं, काही नाही, पट्टाच खराब आहे,” काका हात पाठीमागे लपवत म्हणाले.

“तिन्ही पट्टे खराब? माझ्या शिलाई मशीनचा पट्टा निसटला की मी आधी चाक सरळ आहे का ते बघते.” काकूंनी चावी काढून कमरेला खोचली, गवतावर गाल टेकवला आणि आत डोकावल्या. “ही पुली तर कलली आहे! कशाला धडकवलीत?”

काका खाली मान घालून म्हणाले, “टाकीच्या झाकणाला. तेव्हाच सांगायला हवं होतं गं. सीटखालचा स्विचही मीच तारेने बांधलाय.”

“ती तार तुम्ही बांधलीत ना? तुम्हीच सोडा,” एवढंच बोलून काकूंनी डोळ्यांना पदर लावला.

काकांनी तार सोडली. दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. दांडा बदलला, पुली पट्ट्याच्या रेषेत बसवली. अर्ध्या तासाचं काम! मुख्याध्यापिकाबाई रागावल्या, पण काम इतक्यात झालेलं पाहून त्याही निवळल्या.

मित्रांनो, यंत्र बिघडलं तर त्याची काळजी जरूर घ्या, पण आधी काय घडलं ते खरं सांगा. आम्हाला बोलता येत नाही, तुम्हाला येतं. पट्टा आता निसटत नाही, तरी माझी भीती पुरती गेलेली नाही. रोज सकाळी काका येऊन बसले की मी स्टिअरिंगवरची बोटं मोजते. दहा भरली, की मगच मी निर्धास्त घरघरते.