घरगुती कनेक्शन

आमच्या बाबांच्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि त्यातून माझं कौतुक असेल तर विचारूच नका. जन्मभर बसमध्ये कंडक्टरकी केल्यामुळे आवाजही असा, की शेवटच्या सीटवरचा झोपलेला माणूस उठून बसावा. मी घरी बसून एका दूरच्या हॉस्पिटलचे एक्स-रे तपासते, हे भाजीवालीपासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांना पाठ झालंय.

काल दुपारी इंटरनेट कंपनीतून फोन आला. "घरात कोणी व्हीपीएन वापरतं का?" व्हीपीएन हा शब्द बाबांनी फक्त माझ्या तोंडून ऐकलेला. पण ते मागे हटतात होय?

"वापरतं म्हणजे? आमची डॉक्टर दिवसभर तेच वापरते!"

आज सकाळी माझा कॉम्प्युटर हॉस्पिटलला जोडेचना. पेशंटचे एक्स-रे उघड्या इंटरनेटवरून पाठवत नाहीत, ते व्हीपीएनच्या बंद वाटेनं येतात, आणि कंपनीनं नेमकी तीच वाट अडवली होती. 'घरगुती कनेक्शनवर व्हीपीएन चालणार नाही' असा मेसेज. हॉस्पिटलनं सांगितलं, संध्याकाळपर्यंत सुरू झालं नाही तर इथं येऊन काम करा, नाहीतर आम्ही दुसरं कोणी बघतो. तिथं जायचं म्हणजे हे गावच सोडायचं. आणि खुब्याचं हाड मोडल्यापासून बाबांना उठवायला-बसवायला माझ्याशिवाय कोणी नाही.

मी भडकले. "बाबा, कोणी विचारलं होतं तुम्हाला?"

"त्यांनीच विचारलं की," बाबा बारीक आवाजात म्हणाले.

"आता फोन करा आणि सांगा, चूक झाली. मुलगी काही करत नाही, घरीच असते, सिनेमे बघते. तुम्ही 'हो' म्हणालात म्हणून अडवलंय, 'नाही' म्हणालात तर सोडतील."

बाबांनी वॉकर बाजूला सारला आणि फोन स्पीकरवर लावला. पलीकडे एका मुलीचा गोड, पाठ केलेला आवाज.

"ताई, ते काल... माझी मुलगी ना..." बाबांनी घसा खाकरला. "माझी मुलगी काही..."

भरलेल्या बसला दटावणारा माणूस, पण पुढचे दोन शब्द त्यांच्या तोंडून निघेनात. मी डोळे वटारले. त्यांनी नजर चुकवली.

"मला नाही जमायचं हे," ते मला म्हणाले, आणि मग थेट कंडक्टरच्या आवाजात, "अहो, माझी मुलगी डॉक्टर आहे! इथल्या खुर्चीत बसून तिथल्या माणसाचं मोडलेलं हाड शोधते. घरात केलेलं काम तुमच्या कंपनीला काम वाटत नाही का?"

मी कपाळाला हात लावला. संपलं सगळं.

तेवढ्यात पलीकडून कुकरची शिट्टी ऐकू आली.

बाबा थबकले. "ताई, तुम्हीसुद्धा घरूनच बोलताय?"

"हो, काका." पाठ केलेला आवाज कुठल्या कुठे गेला.

"मग कंपनीला कशा जोडलेल्या आहात?"

"व्हीपीएननंच," ती ओशाळून हसली. "घरून नोकरी करणाऱ्यांना सवलत आहे, काका. पण घरून काम चालतं असं गिऱ्हाइकानं स्वतः सांगितलं तरच द्यायची, आपणहून बोलायचं नाही, असं आम्हाला बजावलंय. तुम्ही सांगितलंत ना, मग झालं. देते मी." कीबोर्डची टकटक ऐकू आली. "डॉक्टरांना बघायला सांगा जरा."

मी बघितलं. पडद्यावर कुणाचं तरी मनगट हळूहळू उघडत होतं. मी बाबांकडे बघून मान हलवली.

"सुरू झालं!" बाबा ओरडले.

ती मुलगी फोन ठेवेना. मग म्हणाली, "एक सांगू, काका? माझे बाबा सगळ्यांना सांगतात, ती काही करत नाही, घरीच असते."

मघाशी हेच शब्द मी बाबांच्या तोंडी घालत होते. माझा बाप मला इतका मोठा आजवर कधी वाटला नव्हता.

बाबांनी फोन हातात घेऊन तोंडाजवळ धरला.

"त्यांचा नंबर दे बाळ," ते म्हणाले. "मी बोलतो त्यांच्याशी."