घोटभर पाणी

आमच्या अध्यापक विद्यालयात तिला सगळे ‘रेडिओ’ म्हणायचे. चार भावंडांतली थोरली. घरात जो आधी तोंड उघडेल त्याचंच ऐकलं जायचं, तिथूनच ही सवय लागली, असं ती स्वतःच सांगायची. मुलं वाचायला शिकत असताना काय करायचं, हे मी या भावी शिक्षकांना शिकवते. काय करायचं नाही, हे शिकवता शिकवता मात्र माझे केस पिकले.

रेडिओची खोड एकच. मूल शब्दापाशी अडखळलं रे अडखळलं, की ही तो शब्द सांगून मोकळी! मूल पुढं सरकायचं, पण वाचलं कुणी? हिनंच. पहिल्या सराव पाठात ती त्यापायीच नापास झाली. दुसरा पाठही गेला असता, तर गाशा गुंडाळून घरी जावं लागलं असतं. आणि शिक्षिका होण्याखेरीज तिला दुसरं काहीही व्हायचं नव्हतं.

“बाई, मला कळतं हो सगळं,” ती रडवेली होऊन म्हणाली. “पण पोर अडलं की माझाच जीव कासावीस होतो. शब्द सुटतोच तोंडातून.”

“मग तोंड रिकामं ठेवू नकोस. मूल वाचायला लागलं की पाण्याचा घोट तोंडात धर. वाक्य संपलं की गिळ.”

“चेष्टा करताय माझी?”

“मी हसतेय का?”

मग आठवडाभर व्हरांड्यात तिचा सराव चालला. मैत्रिणी मुद्दाम अडखळत वाचायच्या आणि हिचे गाल फुगलेले. दोनदा समोरचीच्या अंगावर फवारा उडाला. मला हसू आवरेना, पण पोरीनं हट्ट सोडला नाही, याचं मनापासून कौतुकही वाटलं.

पाठाच्या दिवशी शेजारच्या शाळेतल्या दुसरीच्या वर्गात प्राचार्य आणि मी मागच्या बाकावर बसलो. रेडिओसमोर दोन वेण्यांची एक मुलगी होती. मोठा शब्द आला की ती पुस्तक सोडून बाईंच्या तोंडाकडे बघायची. सगळ्यांनी मिळून तिला तशीच सवय लावली होती.

“मांजर हळूच... क... पा...” मुलगी थांबली. मान वर केली.

रेडिओ गाल फुगवून गप्प. कपाळावर घाम, हातात पाण्याची बाटली घट्ट धरलेली.

“ही बोलत का नाही?” प्राचार्य माझ्या कानाशी कुजबुजले.

“शिकवतेय,” मी म्हणाले.

मुलीनं वाट पाहिली. बाईंच्या तोंडातून काही येईना. शेवटी तिनं पुस्तकाकडे पाहिलं, बोट शब्दाच्या सुरुवातीला नेलं.

“कपाटा... मागून. कपाटामागून! मांजर हळूच कपाटामागून डोकावलं.”

रेडिओचे डोळे भरून आले. तिनं घाईघाईनं घोट गिळला आणि नेमका ठसका लागला. खोकून खोकून बेजार झाली. प्राचार्यांनी हसू दाबत गुणपत्रिकेवर ‘उत्तीर्ण’ लिहिलं. श्वास जागेवर आल्यावर ती एकदाची म्हणाली, “शाब्बास! अगं, किती छान...”

मुलीनं तोवर पान उलटलं होतं. मान वर न करताच ती म्हणाली, “बाई, थांबा ना जरा. मी वाचतेय.”