गुलामभाईंनी पाहिलेलं व्हेनिस

मंदाने दाराला आतून कडी घातली, टेपरेकॉर्डर मांडीवर घेतला आणि त्याच्या जाळीवर उशी दाबून धरली. मग बटण दाबलं. शुक्रवार होता. भिवंडीतले लूम, कापडाचे यंत्रमाग, शुक्रवारी बंद असतात, आणि एरवी खटखटाटात बुडून जाणारी शिंकसुद्धा त्या दिवशी चार घरांना ऐकू जाते. तिला कुणी ऐकायला नको होतं.

"मंदे, जय भीम. जुबैदाभाभी, सलाम," उशीखालून तिच्या नवऱ्याचा, यादवचा, दबका आवाज आला. "आज तारीख सत्तावीस जुलै, साल नव्वद. मुक्काम व्हेनिस."

तिने झटक्यात टेप थांबवली. सत्तावीस जुलै. इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं ते दोन ऑगस्टला. तिने बोटांवर मोजलं. सहा दिवस. सहा दिवसांत विमानाने माणूस कुठूनही कुठेही पोचतो, आणि मालकाच्या मनात आलं असेल तर यादव त्या दिवशी कुवेतमध्येही असू शकतो. त्या बातमीला आज आठ दिवस झाले होते.

यादव आणि समोरच्या दारातले गुलाम हुसेन, दोघेही कुवेतच्या एकाच मालकाकडे ड्रायव्हर होते. यादव मूळचा शेलार गावचा, मानकोली नाक्यावरून सुताच्या गोण्यांचा टेम्पो चालवायचा. त्याला चार वर्षांपूर्वी व्हिसा मिळवून दिला तो गुलामभाईंनीच. उन्हाळा तापला की मालक सगळा कबिला घेऊन युरोपात जाई आणि मोटारीने जुनी जुनी शहरं पालथी घाली. गेल्या वर्षी गाडीवर गुलामभाई होते. यंदा माणसं वाढली, गाड्या दोन झाल्या, म्हणून दोघेही गेले.

दोघांनाही पत्र लिहायचा भारी कंटाळा. त्यापेक्षा कॅसेट बरी. एक बाजू यादवची, दुसरी गुलामभाईंची. आणि या कॅसेटींबाबत गुलामभाईंची बायको जुबैदा आणि मंदा यांचा एक नियम होता. पाकीट कुणाच्याही हाती पडो, ऐकायची ती दोघींनी मिळून. प्रत्येक बाजूची शेवटची दहा मिनिटं तेवढी खाजगी. तेव्हा दुसरीने आपण होऊन उठायचं, मोरीत जायचं आणि घासलेली भांडी पुन्हा घासायची. चार वर्षांत या नियमाला कुणी बोट लावलं नव्हतं.

आज मंदाने लावलं. पोस्टमन आला तेव्हा जुबैदाच्या दाराला कुलूप होतं. मुंबईत कुठल्याशा कचेरीबाहेर कुवेतमधल्या माणसांच्या याद्या लागल्यात असं कानावर आल्यामुळे ती नणंदेला, शकिलाला, सोबत घेऊन सकाळीच गेली होती. संध्याकाळपर्यंत थांबायला अंगी मोठेपणा लागतो. मंदाच्या अंगी तो दुपारच्या दोनपर्यंत टिकला, हेच पुष्कळ झालं.

तिने पुन्हा बटण दाबलं.

"व्हिएन्नात नुसते राजवाडे," यादव सांगत होता. "एकेकात आपलं अख्खं शेलार मावंल. मग साल्झबुर्ग. तिथं एका गाणंवाल्याचं घर हाय. त्याला मरून दोनशे वर्सं होत आली, तरी लोक रांग लावून त्याचं लहानपणीचं फिडल बघतात. आपण एवढी रांग रॉकेललाच लावतो. आन आता हे व्हेनिस. मंदे, हितं रस्ताच न्हाय गं! नुसतं पाणी. बस म्हंजे होडी, पोलीस होडीत, मयतसुदा होडीतून. गाडी गावाच्या भायेरच ठेवायची, आत जातच न्हाय. पण यंदा मालकीण मॅडमचा गुडघा धरलाय. खुर्ची ढकलायला माणूस पायजे, म्हणून मला आत नेला. पुलापुलाला पायऱ्या. खुर्ची उचलून उचलून खांदे गेले, पण बघायला मिळालं."

तो कितीतरी बोलत राहिला. सोन्याचा मुलामा दिलेलं मोठं चर्च, चौकातली माणसांना न घाबरणारी कबुतरं, दोन घरांच्या मधे दोरीवर वाळत घातलेल्या चड्ड्या, अगदी आपल्याकडच्यासारख्या.

"आन काल एका गल्लीत लूम ऐकू आला. आईच्यान! हाताचा, लाकडाचा. खिडकीतून बघतो तर एक म्हातारी मखमल विणतेय. दिसाला एक वीत. एकच वीत, मंदे! मी मॅडमला बोललो, आमच्या भिवंडीत शेठ हिला दुसऱ्या दिवशी काढून टाकंल. मॅडमनी तिला ते सांगितलं तर म्हातारी हसली. मग माझा हात धरून कपड्यावर फिरवला."

मंदालाही हसू फुटलं. मग आपण हसतोय याची तिला लाज वाटली आणि तिने उशी आणखी घट्ट दाबली.

"आता एक सांगायचं हाय," आवाज जरा खाली आला. "गुलामभाई हितं न्हाईत. मालकाचे वडील कुवेतला आजारी पडले, घरी ड्रायव्हर पायजे झाला. एकाने पंचवीस तारखेच्या विमानाने जायचं ठरलं. पाळी माझी होती, मी नवा. पेटीसुदा भरली मी. तर गुलामभाई बोलले, मी गेल्या साली व्हेनिस पोटभर बघितलंय, तू ऱ्हा, तू बघ. लय सांगितलं, ऐकंनात. म्हणून या टायमाला त्यांची बाजू कोरीच. भाभीला सांग, काळजी करू नको, विमानतळावर मीच सोडलं. आमी सगळे सप्टेंबरातच परत जाणार."

सप्टेंबरात! मंदाचा जीव भांड्यात पडला. यादव कुवेतमध्ये नव्हता. कुठल्याही गोळीच्या वाटेत नव्हता. खुर्ची ढकलत होता, खांदे दुखवून घेत होता, जिवंत होता. तिने उशीत तोंड खुपसलं आणि आठ दिवसांचं रडू एकदम मोकळं केलं. डोळे पुसून मान वर केली तेव्हा जाळीच्या खिडकीतून समोरच्या दाराचं कुलूप दिसलं, आणि इतका वेळ झालेल्या आनंदाचीच तिला भीती वाटली.

तिने कॅसेट उलटी करून लावली. दुसऱ्या बाजूला नुसती खरखर होती. थोडी पुढे पळवली, आणखी पळवली. खरखरच.

लाल बटण आणि चालू करायचं बटण एकदम दाबलं की जुनं पुसून जातं, हे तिला ठाऊक होतं. दोन मिनिटांचं काम. 'आता एक सांगायचं हाय'पासून शेवटपर्यंत पुसलं की कुणी कुणाच्या जागी गेलं नाही. मग जुबैदा आणि ती पूर्वीसारख्याच काळजीत बसतील, एका उंबऱ्यावर. फक्त तिला काळजीचं सोंग करावं लागेल. तिने कॅसेट पुन्हा सरळ लावली, ती जागा शोधली, दोन्ही बटणांवर बोटं ठेवली. पण शेवटी तिने कॅसेट बाहेर काढली आणि तांदळाच्या डब्यात खोल खुपसली. पुसायचा धीर झाला नाही, आणि ऐकवायचाही नाही.

जुबैदा आली ती दिवेलागणीला. बुरख्याचा नकाब मागे टाकून ती मंदाच्याच उंबऱ्यावर बसली. मंदाने तिला पाणी दिलं.

"याद्याबिद्या काय नाय गं," जुबैदा म्हणाली. "नुसती गर्दी. नावं लिहून घेतात आणि जा बोलतात. दोघांची दिली मी. यादवचं आधी घातलं."

"माझ्या माणसाचं आधी कशाला, भाभी?"

"आमचे हे बारा वर्षं आहेत तिथं, गल्ल्या ठाऊक आहेत, अरबी येते. तुझा यादव बिचारा नवा. चुकला कुठं तर?"

मंदा उठली. आत जाऊन तिने तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि कॅसेट आणून जुबैदासमोर धरली. तिच्यावरची तांदळाची पूड तिने पुसलीही नाही.

"दुपारी आली. मी एकटीने ऐकली, भाभी. मग लपवली."

जुबैदाने कॅसेटकडे पाहिलं, मग तिच्या रडून सुजलेल्या डोळ्यांकडे. काय समजायचं ते ती समजली असावी, कारण तिच्या तोंडचा रंग उतरला. पण ती एवढंच म्हणाली, "लाव."

दोघींनी ऐकली. राजवाडे, फिडल, पाण्याचे रस्ते, म्हातारी. जुबैदा भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होती. पाळीची गोष्ट आली तेव्हा मंदाने मान खाली घातली ती वर केलीच नाही. यादवचा आवाज संपला. मंदाने टेप बंद केली आणि वाट पाहू लागली. जुबैदा शिव्या देईल, छाती बडवून घेईल, उठून जाईल. यांतलं काहीही तिला चाललं असतं.

"पोटभर?" जुबैदा हळूच म्हणाली. "पोटभर कुठं बघितलंय त्यांनी? गेल्या साली चार दिवस गाडी राखत बसले होते, गावाबाहेर. मालकाचं सामान होतं आत. तेव्हाच्या कॅसेटच्या शेवटच्या दहा मिनिटांत सांगितलं होतं मला. लांबून एक मनोरा दिसायचा बोलले, तेवढाच."

मंदाने जुबैदाचा हात धरला. जुबैदाने तो सोडवून घेतला नाही.

बाहेर कुणीतरी सायकल टेकवली. जुबैदाने दचकून दाराकडे पाहिलं. कुणी तारवाला नव्हता, पलीकडच्या घरातला माणूस होता. तिने पदराने तोंड पुसलं आणि टेपरेकॉर्डर आपल्याकडे ओढला.

"मागं घे," ती म्हणाली. "व्हेनिस चालू होतं तिथपासून लाव. नीट ऐकू दे मला. ते आले की सगळं सांगायला पायजे त्यांना."